कोल्हापुरातून दीर्घिका बघायच्या तर: आधी काळोख, मग डोळा, मग दुर्बीण, शेवटी कॅमेरा

उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. आठवडाभर पंपाचे शाफ्ट आणि बुश, सुट्टीच्या दिवशी दुर्बिणीचे सुटे भाग. त्यामुळे आकाशाचा नाद लागलेली पोरं माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, कॅमेरा कुठला घेऊ? मी त्यांना आधी काळोखी जागा शोधायला सांगतो. मग डोळा तयार करायचा, मग दुर्बीण घ्यायची, आणि कॅमेऱ्याचा विचार सगळ्यात शेवटी. पैसे आणि वेळ याच क्रमाने घातले तर दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे दूरचे प्रचंड समूह, दिसतात. क्रम उलटा केला तर महागडी पेटी कपाटात जाते, हे मी अनेकांच्या घरी बघितलंय.

कारण साधं आहे. चंद्र किंवा शनी राजारामपुरीतल्या गच्चीवरूनही चांगला दिसतो, कारण त्यांचा प्रकाश एका जागी गोळा झालेला असतो. दीर्घिकेचा प्रकाश पसरलेला असतो. देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१ (एम म्हणजे मेसिए यांच्या यादीतला क्रमांक), आकाशात चंद्राच्या सहापट लांब आहे. त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ कागदावर ५.७ प्रतीची (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितकी वस्तू मंद), म्हणजे जवळजवळ नुसत्या डोळ्याने दिसावी अशी. पण तो सगळा प्रकाश अंशभर जागेत पातळ झालेला असतो, म्हणून शहरातून ती मोठ्या दुर्बिणीतही हाताला लागत नाही. आणि दुर्बीण कितीही मोठी घेतली तरी पसरलेल्या वस्तूचा पृष्ठभाग ती जास्त उजळ करत नाही. शहराच्या दिव्यांनी आकाश उजळलं की दीर्घिका त्यात बुडते.

जागा आणि दिशा

कोल्हापूरचं नशीब असं की शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला तासा-दोन तासांत खरा काळोख मिळतो. पण कुठेही जाऊन चालत नाही. आज काय बघायचंय त्यावर जागा ठरवा आणि शहराचा उजेड पाठीमागे ठेवा.

सप्तर्षींच्या आसपासच्या उत्तरेकडच्या दीर्घिका बघायच्या असतील तर पन्हाळ्याच्या पुढे मसाई पठाराच्या बाजूला जा. कोल्हापूर तिथून आग्नेयेला राहतं. उत्तरेला वारणा खोऱ्यातले दिवे थोडे दिसतात, पण ते खाली असतात. दक्षिणेकडचं आकाश हवं असेल तर गारगोटी ओलांडून पाटगावच्या दिशेला जा. तिथे शहर पूर्णपणे उत्तरेला, पाठीशी. गगनबावडा दोन्हीच्या मधला, काळोख उत्तम. पण घाटमाथ्यावर कोकणातून धुकं कधी चढेल सांगता येत नाही, म्हणून मी तिकडे डिसेंबर-जानेवारीतच जातो.

जागा दिवसा बघून ठेवा. पठारावर जांभ्याच्या फटींत फुरसं असू शकतं, म्हणून घोट्यावर येणारे बूट घाला. दाजीपूर-राधानगरीच्या अभयारण्यात रात्री शिरायचं नाही. गवे रस्त्यावरही येतात. जवळच्या वाडीत पोलिस पाटलांना किंवा सरपंचांना आधी सांगून ठेवा आणि वनखात्याचे नियम विचारून घ्या. रात्री अनोळखी माणसं लाल दिवा घेऊन माळावर फिरताना दिसली की गावाने काळजी करणं साहजिकच आहे. सांगितलं तर तेच लोक मायेने वागतात. मसाईवर एकदा एक म्हातारे धनगर मामा काठी टेकत आले, "काय बघायलाय पाव्हणं?" म्हणाले. मी त्यांना नेत्रिकेपाशी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापाशी, बसवलं आणि घाई करू नका म्हटलं. बराच वेळ बघून ते म्हणाले, "धुरागत दिसतंय की ओ." नवख्याला दीर्घिका नेमकी कशी दिसते ते याहून अचूक मला कुणी सांगितलेलं नाही. रंगीत चक्राची अपेक्षा ठेवून येणाऱ्याला मी आता आधीच सांगतो, धूर शोधा.

कोणत्या रात्री

अमावस्येच्या आधीचे आणि नंतरचे चार-पाच दिवस. अमावस्येला रात्री बाहेर पडायचं म्हटलं की घरातली मोठी माणसं कुरकुरतात. त्यांना एकदा सोबत न्या.

आपला हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. दिवाळीची अमावस्या सोडून द्या, फटाक्यांचा धूर हवेत लोंबकळत असतो. पुढची कार्तिक अमावस्या धरा. थंडीत दोन गोष्टींचा त्रास होतो. एक म्हणजे उसाच्या पट्ट्यातलं दव आणि पंचगंगेच्या खोऱ्यातलं धुकं. वर पठारावर गेलं की ते बरंचसं खाली राहतं. दुसरा, गळीत हंगामात पेटवलेल्या पाचटाचा धूर. वारा कुठून आहे ते बघून जागा बदला. आकाश सगळ्यात स्वच्छ कधी मिळतं म्हणाल, तर एप्रिल-मे महिन्यात वळवाचा पाऊस पडून गेल्यावर. सगळी धूळ बसलेली असते. अशा संध्याकाळी ढग पांगायला लागले की मी गाडी काढतो.

जागा चांगली आहे का हे तपासायला साधी बायनॉक्युलर पुरते. १० × ५० च्या बायनॉक्युलरमधून एम ३३ चा फिकट डाग दिसला, तर ती जागा तुमची.

डोळा

काळोखात डोळा तयार व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झोताने ते सगळं वाया जातं. मोबाइल गाडीत ठेवा. नकाशा बघायला लाल कागद लावलेली बारीक बॅटरी वापरा. गाडीचे आतले दिवे बंद करून ठेवा, दार उघडलं की ते सगळ्यांचे डोळे खराब करतात.

दुसरं, दीर्घिकेकडे सरळ बघायचं नाही. डोळ्याच्या मध्यभागी रंग ओळखणाऱ्या पेशी असतात, मंद उजेड टिपणाऱ्या पेशी बाजूला असतात. म्हणून नजर थोडी बाजूला टेकवायची आणि लक्ष मात्र दीर्घिकेकडे ठेवायचं. उजव्या डोळ्याने बघत असाल तर नजर दीर्घिकेच्या उजवीकडे ठेवा, डाव्या डोळ्याने बघत असाल तर डावीकडे. उलट केलंत तर दीर्घिका डोळ्याच्या अंध बिंदूवर पडून गायब होऊ शकते. नळीला बोटाने हलकी टिचकी मारली की हलणारा मंद डाग डोळ्याला चटकन कळतो. आणि बसून बघा. मान अवघडली, श्वास रोखला की दिसणं कमी होतं. एका दीर्घिकेला दहा मिनिटं द्या. पहिल्या मिनिटाला फक्त ठिपका असतो. मग त्याची लांबी कळते, मग मधला भाग जास्त उजळ आहे हे कळतं, आणि एखाद्या चांगल्या रात्री कडेला काळी रेघ सुटी होते. वहीत पेन्सिलीने काढत गेलात तर डोळा दुप्पट वेगाने शिकतो.

दुर्बीण

पहिली दुर्बीण ८ इंची आरशाची डॉब्सोनियन. याबाबत माझं मत पक्कं आहे. डोळ्याच्या पूर्ण उघडलेल्या बाहुलीपेक्षा ती सुमारे ८०० पट जास्त प्रकाश गोळा करते, दुचाकीवर मावत नसली तरी साध्या गाडीत मावते, आणि तिला वीज लागत नाही. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोत रामकृष्ण परंपरेच्या वेदान्त मठात संन्यासी होते. रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखवता यावं म्हणून स्वस्तात दुर्बीण कशी करावी याचा त्यांनी ध्यास घेतला. लाकडी पेटीवर फिरणारी ही साधी बैठक त्यांच्यामुळे जगभर पोचली.

बैठक घरी करता येते. १८-१९ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या, वर दाणेदार सनमायका चिकटवा आणि त्यावर टेफ्लॉनच्या तीन चकत्या. टेफ्लॉनची सळई उद्यमनगरात कुणीही कापून देईल. इथे आमच्या धंद्यातल्या माणसाचा हात बेअरिंगकडे जातो. लावू नका. बेअरिंगवर नळी इतकी सैल फिरते की वाऱ्याने हलते आणि सोडली की सरकते. टेफ्लॉन आणि सनमायका यांच्यातलं घर्षण बेताचं असतं. बोटाने ढकललं की जाते, सोडलं की जागच्या जागी थांबते. मसाईच्या वाऱ्यात हा फरक लगेच कळतो.

नेत्रिका दोन पुरतात. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (फोकल लेंग्थच्या) दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका ४८ पट दाखवते, तिने शोधायचं. सापडल्यावर १० मिलिमीटरची लावा, १२० पट. वर्धन वाढवलं की दीर्घिका अंधुक होईल अशी भीती वाटते, पण मागचं आकाशही तेवढंच काळं होतं आणि लहान डाग मोठा झाल्यावर डोळ्याला जास्त कळतो. नवखे लोक कमी वर्धनावरच थांबतात, त्यामुळे लहान दीर्घिका त्यांच्या हातून सुटतात.

पोचल्याबरोबर नळी उघडी ठेवा, आरसा थंड व्हायला वेळ द्या. आरशांची जुळणी दर वेळी तपासा, आपले घाटरस्ते ती बिघडवतातच. दवापासून वाचवायला नळीच्या तोंडाला काळ्या फोमशीटची टोपी करा.

काय बघायचं

कार्तिकात देवयानीपासून सुरुवात करा. उत्तरा भाद्रपदाच्या उत्तरेकडच्या ताऱ्यापासून ईशान्येला दोन तारे मोजा. दुसऱ्या ताऱ्यापाशी शर्मिष्ठेच्या दिशेने वळा, दोन लहान तारे ओलांडा, शेजारीच एम ३१. त्याच वळणाच्या ताऱ्यावरून उलट दिशेला जवळजवळ तेवढंच अंतर गेलात की एम ३३. नोव्हेंबरच्या मध्याला रात्री पावणेदहाच्या सुमारास एम ३१ उत्तरेला क्षितिजापासून ६५ अंशांवर असते. तिचा प्रकाश निघाला त्याला २५ लाख वर्षं झाली. शेजारचे दोन लहान डाग, एम ३२ आणि एम ११०, तिच्याच सोबतच्या दीर्घिका.

मग खुर्ची उलटी करून दक्षिणेकडे तोंड करा. त्याच वेळी तिकडे ४८ अंशांवर एनजीसी २५३ (एनजीसी ही दुसरी, मोठी यादी) असते, शिल्पकार तारकासमूहात. तिमिंगलातला सगळ्यात ठळक तारा पकडा आणि सात अंश दक्षिणेला उतरा. लांबट, एका कुशीवर पडलेली, ८ इंचीत सुंदर दिसते. कॅरोलाइन हर्शेल यांनी ती १७८३ मध्ये इंग्लंडमधून शोधली, पण तिथून ती क्षितिजाला टेकलेली असते. आपल्याकडे अर्ध्या आकाशावर चढते. सोळा-सतरा अंश अक्षांशावर राहण्याचा हा फायदा आहे आणि तो आपण घेत नाही याची मला खंत वाटते.

उन्हाळा मात्र खरा दीर्घिकांचा. गुढीपाडव्याच्या आदल्या रात्रीची फाल्गुन अमावस्या मी कधी सोडत नाही. संध्याकाळी उत्तरेला सप्तर्षी: चौकोनातल्या पुलस्त्यापासून समोरच्या कोपऱ्यातल्या क्रतूपर्यंत रेघ ओढा, तेवढीच पुढे न्या, तिथे एम ८१ आणि एम ८२ एकाच नेत्रिकेत बसतात. शेपटीच्या टोकाच्या मरीचीपासून साडेतीन अंशांवर एम ५१. १८४५ मध्ये लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची दुर्बिणीतून तिचे चक्रासारखे वळलेले बाहू प्रथम पाहिले. ८ इंचीत दोन शेजारचे डाग दिसले की समाधान माना. सिंहाच्या मागच्या मांडीपाशी, पूर्वा फाल्गुनीच्या दक्षिणेकडच्या ताऱ्याखाली, एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८ हे त्रिकूट.

आणि कन्येचा समूह. उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतला एप्सिलॉन तारा यांच्या बरोबर मध्ये दुर्बीण रोखा. एम ८४ आणि एम ८६ दिसतील. तिथून पूर्वेला हळूहळू सरका, एकामागून एक दीर्घिका येत राहतात. हजाराहून जास्त दीर्घिकांचा हा समूह सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे. कोल्हापूरकरांना इथे एक अडचण येते. हा समूह आपल्याकडे जवळजवळ डोक्यावरून जातो, आणि डॉब्सोनियन डोक्यावर रोखली की आडवी फिरवता येत नाही. म्हणून तो माथ्यावर यायच्या दीड तास आधी किंवा नंतर बघा. पाडव्याच्या सुमारास तो मध्यरात्रीनंतर पाऊण-एकला माथ्यावर असतो, म्हणजे अकराला सुरुवात करायची.

चित्रा आणि हस्त यांच्यामध्ये एम १०४ आहे, तिची कडेची काळी पट्टी १२० पटीत शोधा. त्याहून दूर जायचं असेल तर कन्येतच ३सी २७३ हा क्वेसार आहे, म्हणजे एका दीर्घिकेचं धगधगतं केंद्र. प्रत १३ च्या आसपास, दिसतो साध्या ताऱ्यासारखाच, त्यामुळे स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून बारीक नकाशा काढून न्यावा लागतो. सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षं. तो ठिपका ओळखता आला त्या रात्री मी पुढे काही बघितलं नाही.

मे महिन्यात पाटगावच्या बाजूने नरतुरंग (सेंटॉरस) तारकासमूह. सेंटॉरस ए, एनजीसी ५१२८, दक्षिणेला ३० अंशांपर्यंत चढते. महिन्याच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास. गोल डागाच्या मधून गेलेला धुळीचा पट्टा ८ इंचीत दिसतो. तिथून साडेचार अंश खाली ओमेगा सेंटॉरी आहे. तो दीर्घिका नाही, आपल्याच आकाशगंगेचा तारकागुच्छ आहे, पण एवढ्या लांब आलाय तर बघितल्याशिवाय जाऊ नका.

कॅमेरा

डोळ्याला धूर दिसला, आता त्यातलं चक्र बाहेर काढायचं तर कॅमेरा. १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांच्या काचांवर देवयानीतला एक रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा, तारा सापडला, आणि ती आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे हे त्यावरून सिद्ध झालं. प्रकाश साठवत राहणं डोळ्याला जमत नाही, कॅमेऱ्याला जमतं.

घरात असलेला डीएसएलआर, ५० मिलिमीटरची लेन्स आणि तिवई यावर पहिली देवयानी निघते. आयएसओ १६००, रॉ फाइल, ५ सेकंदांचे २०० फोटो. ५ सेकंदांपेक्षा जास्त ठेवलं की पृथ्वीच्या फिरण्याने तारे लांबट होतात. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर, पडद्यावर मोठा करून, हाताने. शेवटी लेन्सला झाकण लावून तसेच २० फोटो घ्या, ते कॅमेऱ्याचा स्वतःचा खरखरीतपणा वजा करायला लागतात. सकाळी लेन्सवर पांढरं सुती कापड ताणून उजळ आकाशाचे काही फोटो घ्या, त्याने कडांचा अंधार आणि धुळीचे डाग निघतात. हे सगळे फोटो एकावर एक रचून एक करायला सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर वापरा, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

पुढची पायरी ताऱ्यांमागे फिरणारा माउंट, म्हणजे कॅमेरा किंवा दुर्बीण धरणारी बैठक. तिचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. इथे आपल्या अक्षांशाची गोम आहे. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर असतो, एखादं झाड किंवा टेकडी त्याला झाकते. उत्तर मोकळी असलेलीच जागा निवडा. शिवाय माउंट इतका कलवला की वजनाचा दांडा तिवईच्या पायाला अडू शकतो. मी माउंट आणि तिवई यांच्यामध्ये घालायला फूटभर उंचीचा लोखंडी नळकांडा करून घेतो, दोन्हीकडे फ्लँज वेल्ड करून. खर्च फारसा नाही, अडथळा कायमचा गेला.

२०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये देवयानी पूर्ण बसते आणि कन्येचा समूह डझनावारी ठिपक्यांनी भरलेला येतो. एम ५१ त्यात टिकलीएवढीच. तिला दुर्बिणीचं लांब नाभीय अंतर हवं.

फिल्टरवर पैसे घालू नका. तेजोमेघ, म्हणजे चमकणारे वायूचे ढग, ठरावीक रंगांतच चमकतात, म्हणून त्यांना फिल्टर चालतो. दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे कोट्यवधी ताऱ्यांचे सगळे रंग, आणि एलईडी दिवेही बरेचसे तसेच. एक अडवलं की दुसरंही अडतं. तेच पैसे पेट्रोलला घाला. आकाश तीन प्रतींनी काळं मिळालं, तर शहरात १६ तास लागणारं काम साधारण एका तासात होतं. फोटो दुप्पट स्वच्छ हवा असेल तर मात्र वेळ चौपट द्यावा लागतो, त्याला सुटका नाही.

प्रक्रिया करताना हात आवरा. पार्श्वभूमी ठार काळी केली की दीर्घिकेच्या मंद कडा कायमच्या जातात. देवयानीचं केंद्र पिवळसर ठेवा, तिथे म्हातारे तारे आहेत. बाहूंची निळसर छटा तरुण ताऱ्यांची.

प्रत्येक फोटोवर तारीख, वेळ, जागा लिहा आणि जुना फोटो शेजारी ठेवून बघा. १९ मे २०२३ रोजी एम १०१ मधला अतिनवतारा, म्हणजे स्फोट झालेला तारा, जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने असाच पकडला. तुमच्या फोटोत नवा ठिपका दिसला तर लगेच हुरळून जाऊ नका, विशेषतः कन्येत. सूर्याचा मार्ग तिथून जवळ जातो, त्यामुळे लघुग्रह येत-जात असतात. तासाभराने दुसरा फोटो घ्या. ठिपका सरकला तर लघुग्रह. जागेवर असेल तर आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या ट्रान्झिएंट नेम सर्व्हरवर तो आधी कुणी नोंदवलाय का ते बघा, आणि नसेल तर त्याच रात्री नोंदवा.